बिनखिळ्याचा बाक

त्या उन्हाळ्यात उदगीरच्या धान्याच्या मोंढ्यामागे सकाळ उजाडायची ती रंध्याच्या आवाजाने. लांब, कोरडा, एका लयीत जाणारा आवाज. तो थांबला की क्षणभराने एक हलकी फुंकर ऐकू येई, आणि पुन्हा रंधा. खिडकीतून खाली पाहिले तर आडत दुकानाच्या पडवीत पांढऱ्या धोतरातला एक उंच, सडपातळ माणूस वाकलेला दिसे. कपाळावर भस्माचे ताजे पट्टे, गळ्यात चांदीच्या करंड्यातले लिंग, आणि पायांभोवती बाभळीच्या लाकडाचे तांबूस छिलके, इतके पातळ की उन्हाची तिरीप त्यांच्यातून आरपार जाई. शिवलिंगअप्पा बाक करीत होते.

अप्पा सुतार नव्हते. ते धान्याचे आडते होते. त्यांचे वडीलही आडते होते. शेतकऱ्याने बैलगाडीतून आणलेले पोते, त्यात परखीची टोकदार नळी खुपसून काढलेली मूठभर ज्वारी, ती तळहातावर पसरून मारलेली फुंकर आणि मग सांगितलेला भाव, हे त्यांचे आयुष्य. ती फुंकर त्यांच्या ओठांवर कायमची राहून गेली होती. चहाच्या कपावर, वर्तमानपत्राच्या पानावर, नातवाच्या डोक्यावर, कुठल्याही गोष्टीविषयी मत देण्याआधी ते हलकेच फुंकत, जणू आधी फोलपट उडून जाऊ दे, मग उरेल त्याविषयी बोलू. लाकडावर मारलेली फुंकर तीच होती. भुसा उडे, सांधा उघडा पडे, आणि अप्पांचे डोळे बारीक होत.

मी तेव्हा एका दैनिकाचा तालुक्याचा बातमीदार होतो आणि त्यांच्या दुकानासमोरच्या माडीवर भाड्याने राहत होतो. बातम्या दोनच होत्या. एक दुष्काळाची, दुसरी जिल्ह्याची. पाऊस सलग हुकला होता. मोंढ्यात पोत्यांच्या थप्प्यांऐवजी चिमण्या होत्या, आणि त्याही दाण्यांवाचून फार वेळ थांबत नसत. दुसरीकडे लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि उदगीर त्यात गेले होते. रंगाऱ्याने अप्पांच्या दुकानाच्या पाटीवरचे ‘जि. उस्मानाबाद’ पुसून ‘जि. लातूर’ लिहिले होते, पण पांढरा रंग पातळ पडल्याने ऊन चढले की जुनी अक्षरे नव्यांच्या मागून वर येत. पाटीखाली सागाच्या तीन जाड खांबांचे तिकाटणे उभे होते आणि त्याला मोठा काटा टांगलेला होता. किनवटकडचा जुना साग, अप्पांच्या वडिलांनी आणलेला. दोन्ही पारडी रिकामी असल्याने काटा इतका समतोल असे की त्याच्याकडे पाहवत नसे.

गल्लीच्या तोंडाशी कडुनिंब होता. टँकर तिथे येई. त्याची वेळ कोणाला ठाऊक नसे, म्हणून बायका सकाळपासून घागरी, हंडे, तेलाचे डबे रांगेला लावून झाडाखाली मातीत बसत. पुरुषांनी रांगेत थांबायचे नाही, असा त्या झाडाखालचा अलिखित कायदा होता. पुरुष आला की बोलणे बंद पडे. टँकर आला की मात्र भरलेले हंडे घरी न्यायला अप्पांसारख्यांना हाक जाई. बसलेल्या बायकांमध्ये एकच बाई उभी असे. खोडाला एक हात टेकून, दुसरा कमरेवर ठेवून, पदर खांद्यावर घट्ट लपेटून. त्या अप्पांच्या पत्नी, गुरम्माअव्वा. त्यांचे गुडघे गेले होते. खाली बसता येई, पण उठताना दोन बायकांना काखेत हात घालावे लागत, आणि ते त्यांना आवडत नसे. म्हणून त्या उभ्या राहत. टँकर दुपारी आला तर दुपारपर्यंत. पोरी सासरी होत्या, मुलगा नांदेडला मास्तर. अव्वांच्या उभे राहण्यात तक्रार नव्हती. त्या उभ्या उभ्याच सगळ्यांत जास्त हसत आणि सगळ्यांत तिखट बोलत.

अप्पांनी एकदा घरची खुर्ची नेऊन झाडाखाली ठेवली होती. अव्वांनी तिच्याकडे असे पाहिले की जणू तिथे परका माणूस येऊन बसला आहे.

“ही कशाला?”

“तुला बसाया.”

“बाया समद्या मातीत अन् मी एकटी खुर्चीवर? मी काय तहसीलदार हाय का?”

रांग खो खो हसली. खुर्ची परत गेली. त्या दिवशी अप्पा बराच वेळ पडवीत बसून तळहाताकडे पाहत होते. संध्याकाळी ते गल्लीला म्हणाले, झाडाखाली एक बाक पाहिजे, लांबलचक, समद्या बायांना पुरेल असा. कोणासाठी, ते त्यांनी सांगितले नाही. आणि न सांगितलेले ते गल्लीतल्या प्रत्येकाला कळले.

सुतार मात्र मिळेना. नव्या जिल्ह्याला नव्या कचेऱ्या लागत होत्या, कचेऱ्यांना दारे, खिडक्या, टेबले. आणि त्यासाठी उदगीरचे रंधे आणि करवती एसटीच्या टपावर बसून लातूरला गेल्या होत्या. अप्पांचे बालमित्र रज्जाकभाई मिस्त्रीही तिकडेच होते. शुक्रवारी नमाजसाठी तेवढे घरी येत. ठेंगणे, गोल, मोठ्या आवाजाचे, आणि स्वतःच्या हाताच्या कौतुकात कधीही कंजुषी न करणारे. अप्पांनी त्यांना गाठले तेव्हा ते म्हणाले, “अप्पा, मेरेकू टाइम नै. तुम्हीच करा की. धंदा बंद हाय, हात रिकामे हायेत. मी शिकवतो.”

हे चेष्टेत म्हटले होते. अप्पांनी ते खरे धरले.

त्यांच्या शेताच्या बांधावरची एक जुनी बाभूळ आधीच्या दुष्काळी सालात उभ्याउभ्या वाळली होती. तिचे खोड तेव्हापासून वखारीत पडून होते. आरागिरणीत चिरल्यावर आतून गडद, विटकरी रंगाचा गाभा निघाला. बाभळीचे लाकूड गाडीच्या चाकाला वापरतात, ते उगाच नाही. ते दगडाशी भांडायला जन्मलेले असते. रज्जाकभाईंनी पहिल्याच शुक्रवारी एक गोष्ट बजावली: याला खिळा नाही. बाभळीच्या अंगात तुरट रस असतो, तो लोखंडाला खातो. खिळा गंजतो आणि लाकडावर शाईसारखा डाग चढतो. जोड लाकडाचा लाकडाशीच करायचा. एका तुकड्याच्या टोकाला जीभ कोरायची, तिला कुसू म्हणतात. दुसऱ्यात तिच्या मापाची खाच. कुसू खाचेत बसला की दोघांतून आरपार एक लाकडी खुंटी. “बस. मियाँ-बीवी,” रज्जाकभाई म्हणाले. “घट्ट बसला तर चूप. सैल बसला तर जिंदगीभर कुरकुर.”

अप्पांना हे फार आवडले. खिळा हा त्यांच्या लेखी उधारीसारखा होता, आज भागते आणि उद्या बोचते. उलट खाचेत चपखल बसलेला कुसू म्हणजे काट्याची सरळ उभी राहिलेली जीभ. तोलणाऱ्या माणसाला केसभर फरक दिसतो. पटाशीने खाच खोदताना ते मधूनच थांबत, परखीचे टोक आत घालून तळ चाचपत, फुंकर मारत, पुन्हा खोदत. पहिले काही कुसू वाया गेले. एक पातळ झाला, एक तिरपा, एक चिरला. अव्वांनी ते चुलीला लावले आणि बाभळीचा निखारा चांगला पडतो असे जाहीर केले. “रोज एक मोडत जा म्हणावं,” त्या रांगेत म्हणाल्या, “सरपणाचं तरी बघावं लागंना.”

येणारेजाणारे पडवीशी थांबत. काम नसलेल्या गावाला दुसऱ्याच्या कामाइतके रंजक काही नसते. “अप्पा, काय करायलाव?” हा पहिला प्रश्न, आणि “दोन खिळे ठोका अन् व्हा मोकळे,” हा शेवटचा सल्ला. अप्पा वर न पाहता म्हणत, “मोकळाच हाय की. म्हणूनच तर करतोय.” शुक्रवारी रज्जाकभाई येत, तयार सांधे उन्हाकडे धरत, फट दिसते का पाहत, आणि फट दिसली नाही की स्वतःचीच पाठ थोपटत. “उस्ताद कोण हाय?” लाकडाचे तुकडे पडवीत सुटे सुटे पडलेले असत. रज्जाकभाईंनी प्रत्येक जोड पाहिला. बाक त्यांनी पाहिला नाही. कोणीच पाहिला नाही. तो फक्त अप्पांच्या डोळ्यांसमोर होता, आणि तिथेच घोटाळा झाला.

अक्षय तृतीयेला बाक झाडाखाली न्यायचे ठरले. त्या दिवशी पाण्याने भरलेली मातीची केळी दान देतात. घोटभर पाणीही दान होऊ शकत नव्हते अशा त्या वर्षी, पाण्याची वाट पाहणाऱ्यांना बसायला जागा द्यावी, हे अप्पांना योग्य वाटले. आदल्या सायंकाळी सगळे सांधे ठोकून बसवले, खुंट्या मारल्या, करडईच्या तेलाचा हात दिला. सकाळी चार जणांनी बाक उचलून आणला. निंब फुलला होता. मधासारखा कडसर वास पसरला होता आणि बारीक पांढरी फुले तेल प्यायलेल्या तांबड्या फळीवर पडत होती. नारळ फुटला. बायका उठल्या, बाकाभोवती गोळा झाल्या आणि हसू लागल्या.

बाक देखणा होता. पण तो फार रुंद होता आणि फार बुटका होता. अप्पा जन्मभर गादीवर मांडी घालून बसले होते. दुकानात गादी, घरात पाट, मठात सतरंजी. बसणे म्हणजे मांडी, याखेरीज दुसरे बसणे त्यांच्या शरीराला ठाऊकच नव्हते. त्यांनी रुंदी धरली ती एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत, आणि उंची धरली दुकानातल्या गादीखालच्या चौथऱ्याची. चपखल, बिनखिळ्याची, बाभळीची एक लांबच लांब गादी त्यांनी तयार केली होती.

“अप्पा, ह्यो बाक न्हाई वो, बैठक झाली,” रांगेतल्या नागाबाई म्हणाल्या. त्यांचे घर गल्लीच्या टोकाला, जीभ गल्लीच्या मधोमध. “आता काटा लावा अन् एकेकीला तोला!” बायका ऐसपैस मांडी घालून बसल्या. त्यांना काहीच अडचण नव्हती. मातीपेक्षा बरे होते. अव्वा पुढे आल्या. घागर खाली ठेवली. वाकून फळीवरून तळवा फिरवला, सांध्यावर नख टेकवून पाहिले.

“लई गुळगुळीत झालाय,” त्या म्हणाल्या. “सोन्यावानी.”

आणि उभ्याच राहिल्या. बाक त्यांच्या पोटरीशी संपत होता. त्यावरून उठणे म्हणजे जमिनीवरून उठण्यासारखेच होते. खोडाला टेकायचा हात त्यांनी त्या दिवशी मुद्दाम बाकाच्या दिशेला ठेवला, म्हणजे दुरून पाहणाऱ्याला त्या बाकाशेजारीच आहेत असे वाटावे. हसू हळूहळू ओसरले. अप्पांनी तळहात तोंडासमोर धरला आणि फुंकर मारली. हातात काहीही नव्हते.

शुक्रवारी रज्जाकभाई आले, बाकाभोवती एक फेरी मारली आणि कपाळाला हात लावला. “या अल्ला! ये क्या बनाए तुम, अप्पा? तख्त! नवाब को बुलाओ!” मग मित्राचा चेहरा पाहून त्यांनी आवाज खाली आणला. पायांखाली दगड लावून पाहिले. बाक डुगडुगला, आणि दगडांवर उभ्या केलेल्या बाकाला अव्वा बाक मानायला तयार नव्हत्या. खालून लाकूड जोडायचे तर खिळे आले. रज्जाकभाईंनी बाक उलटा केला, खुंट्यांच्या टोकांवर बोट फिरवले आणि एकदम खुलले. पाय मोडायचे नव्हते, काढायचे होते. खुंटी उलट बाजूने ठोकली की निघते, खुंटी निघाली की कुसू खाचेतून सरकतो. खिळ्याने जोडलेले फोडावे लागते. हे नुसते सोडवता येत होते. जो हट्ट गावाने चेष्टेवारी नेला होता, त्याच हट्टाने बाक वाचत होता. फक्त नवे, लांब पाय हवे होते, आणि वाळलेले लाकूड गावात उरले नव्हते. चांगले होते ते लातूरच्या कचेऱ्यांना गेले होते; आरागिरणीत होते ते ओले.

अप्पांनी वर पाहिले. पाटीखाली तिकाटणे उभे होते.

“न्हाई,” दारातून अव्वा म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याची नजर ओळखली होती. “काट्याचं तिकाटणं मोडायचं न्हाई. दिवाळीला पूजा करता त्याची.”

“आवंदा तोलायला हाय काय?”

“अन् पाऊस पडल्यावर?”

“पडू दे की! मग काटा झाडाला टांगू.” अप्पांनी हे इतक्या सहज म्हटले, की पाऊस गल्लीच्या वळणापर्यंत आला आहे आणि आता चप्पल काढून आत येणार आहे, असे वाटावे. त्या उन्हाळ्यात पावसाविषयी असे बोलणारा दुसरा माणूस मला भेटला नाही. माझ्या वहीतल्या सगळ्या पुढाऱ्यांची वाक्ये त्याहून लांब आणि त्याहून कोरडी होती.

राहिला प्रश्न उंचीचा. या वेळी अप्पांनी स्वतःच्या बसण्यावर भरवसा ठेवला नाही. दुष्काळाने त्यांना एकच गोष्ट मुबलक दिली होती, रिकामी पोती. ती त्यांनी घडी करून पडवीत एकावर एक रचली आणि अव्वांना बसवले. उठताना अव्वांचा हात गुडघ्यावर गेला. अप्पांनी आणखी एक पोते टाकले. पुन्हा बस. पुन्हा हात गेला. पुन्हा पोते. काट्याच्या पारड्यात वजने चढवावीत, जीभ सरळ होईपर्यंत एकेक छटाक वाढवावी, तसे ते पोत्यामागून पोते चढवीत राहिले, आणि समोर गल्ली जमली.

“आता मला तोलून कुठं धाडता?” अव्वांनी विचारले. “मोंढ्यात?”

“भाव परवडंल का कुणाला?” अप्पा म्हणाले.

नागाबाईंनी तोंडाला पदर लावला. अव्वांचे कान लाल झाले. त्या एवढ्या लाजलेल्या मी त्याआधी पाहिल्या नव्हत्या. आणि त्या लाजेतच, विसरून, दोन्ही हात पदराकडे गेलेले असताना, त्या सरळ उठून उभ्या राहिल्या. अप्पा ओरडले, “थांब!” आणि मोजपट्टी शोधण्यात वेळ न घालवता त्यांनी काट्याची दोरी पोत्यांशी उभी धरून तिला गाठ मारली.

तिकाटणे उतरले, काटा कापडात गुंडाळून आत गेला. पावसाळ्याच्या तोंडावर बाक पुन्हा झाडाखाली आला, तेव्हा तो जगातल्या कुठल्याही बाकासारखा दिसत नव्हता: वर बाभळीची तांबडी, मांडी मावेल अशी फळी, खाली सागाचे पिवळसर, गाठीच्या उंचीचे पाय. तरण्या बायका वर चढून मांडी घालत. म्हाताऱ्या कडेला बसून पाय खाली सोडत. अव्वा आल्या, घागर ठेवली, वळल्या आणि बसल्या. इतकेच घडले. कोणी टाळी वाजवली नाही. अप्पा पडवीत पाठ फिरवून पटाशीला तेल लावत होते, आणि एकच पटाशी बराच वेळ लावत होते. त्या दिवशी टँकर लवकर आला. रांग उठली, भांडी खणखणली. अव्वा मात्र तशाच बसून राहिल्या. “चला की अव्वा,” कोणी म्हणाले. “येते की,” त्या म्हणाल्या, “आत्ताच तर टेकले.” त्यांची घागर नागाबाईंनी भरली.

पाऊस नंतर आला, उशिरा आला, पण आला. बाभूळ आणि साग दोघेही पाणी पिऊन फुगले, कुसू खाचेत आणखी घट्ट रुतले, आणि बाकाने हूं की चूं केले नाही. त्या हंगामात मोंढ्यात जेवढे धान्य आले, त्यातले काही अप्पांनी खरोखरच निंबाला काटा टांगून तोलले. माल तोलून होईपर्यंत शेतकरी बाकावर बसत, वरून पिवळी पाने पडत, आणि तळहातावरच्या ज्वारीवर मारलेल्या फुंकरीने फोलपट उडून त्यांच्या धोतरांवर जाई. नवे तिकाटणे पुढच्या दसऱ्याला झाले. रज्जाकभाईंनी ते खिळे न मारता करून दिले आणि उस्ताद कोण, हे गल्लीला पुन्हा एकदा विचारले.

अलीकडे कामानिमित्त उदगीरला गेलो होतो. जिल्हा आता नवा राहिलेला नाही. पाटीही नाही, आडतही नाही. तिथे मोबाइलचे दुकान आहे. अप्पा गेले, वर्षभरात अव्वाही गेल्या. रज्जाकभाईंची नातवंडे औरादकडे फर्निचरचे काम करतात असे कळले. बाक निंबाखाली आहे. उन्हापावसाने बाभूळ आणि साग एकाच राखी रंगाचे झाले आहेत, कुठले लाकूड कुठे संपते ते आता सांगता येत नाही. फळीवर घागरींच्या बुडांची वर्तुळे उमटली आहेत. एक म्हातारे गृहस्थ पिशवी घेऊन आले, बसले, फोनवर बोलले, आणि गुडघ्याला हात न लावता उठून चालू लागले. त्यांना त्यात विशेष काही वाटले नाही.

छायाचित्रे माणसाचा चेहरा जपतात आणि चेहरे पुसट होत जातात. या बाकाने एका बाईची फक्त उंची जपली आहे, दोरीच्या गाठीएवढी, आणि जिचे नावही आता या झाडाखाली कोणाला ठाऊक नाही, तिच्या मापाने हे गाव रोज टेकते आणि सहज उठते.